सरसाचा दिवस

या घरात एकमेकांशी अबोला धरायला कुणाची ना नव्हती, पण सरसाच्या दिवशी यावंच लागे. आजेसासऱ्यांपासूनचा शिरस्ता होता तो. मोठं कपाट किंवा मोठं टेबल जोडायचं असलं की घरातल्या प्रत्येकाचे दोन हात लागत, कारण लाकूड चिकटवायचा सरस कुणाच्या रुसव्याफुगव्यासाठी थांबत नाही. गरम आहे तोवर तो तुमचं ऐकतो, गार झाला की तुम्ही त्याचं ऐकायचं. तेवढ्या वेळात सगळे सांधे बसले पाहिजेत, ते दाबून धरणारे शिकंजे आवळले पाहिजेत, चौकट काटकोनात आली पाहिजे. म्हणून एकानेच हाक द्यायची आणि बाकीच्यांनी तोंडं मिटून हात चालवायचे.

हाक देणारा आधी विचारी, “सगळे आहेत का?” मग वयाच्या क्रमाने एकेक जण “आहे” म्हणे. शेवटचं “आहे” आलं की तो म्हणे, “लावा.” त्यानंतर शेवटचा शिकंजा आवळेपर्यंत दुसऱ्या कुणी ब्र काढायचा नाही. आणि ज्याची हाक त्याचा कारखाना, हे कुणी न सांगता सगळ्यांना ठाऊक होतं. एका सकाळी आजेसासऱ्यांनी मोगरी, तो लाकडी हातोडा, आपल्या मुलाच्या, म्हणजे बाबांच्या हातात दिली आणि आपण “आहे” म्हणणाऱ्यांत जाऊन उभे राहिले. तेवढंच झालं होतं. कागदबिगद सगळं मागाहून.

धाकट्या सुनेने ते पाहिलं नव्हतं. तिच्या लग्नाच्या कितीतरी आधीची गोष्ट. पण नवरा ती इतकी रंगवून सांगायचा, की आपणही तिथे ब्रश धरून उभ्या होतो असं तिला वाटे.

आता बाबांची जीभ आणि उजवा हात एकाच झटक्यात गेले होते. तेव्हापासून ‘हाक कोण देणार’ हा प्रश्न घरात मधोमध ठेवलेल्या पेटीसारखा पडून होता. सगळे त्याला वळसा घालून जात. आज मात्र ठेच लागणार होती.

सकाळीच तिने कारखान्याच्या सगळ्या खिडक्या लावून घेतल्या. वाऱ्याची झुळूक आली तरी सरस गोठतो. शेगडी पेटवली, पाण्याच्या पातेल्यात सरसाचा डबा ठेवला आणि कपाटाचे सुटे भाग शेगडीभोवती ऊब घ्यायला उभे केले. अक्रोडाचं लाकूड होतं. चार खांब आणि खालची एक आडवी पट्टी, एवढं तिच्या नवऱ्याच्या हातचं. बाकी सगळं तिने केलेलं.

तो साध्या तापाचं निमित्त होऊन गेला. हे भाग तेव्हा कोपऱ्यात चादरीखाली तसेच राहिले. दिवसकार्य उरकल्यावर ती बाबांपुढे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, “हे कपाट मला पुरं करायचंय. शिकवा.” बाबांनी तिला आपादमस्तक पाहिलं, एक बोथट पटाशी आणि दगड हातात दिला. “धार लाव. झाली की सांग.” संध्याकाळी तिने सांगितलं, झाली. बाबांनी पटाशी मनगटावरच्या केसांवर फिरवली आणि परत दिली. “नाही झाली.” सगळा हिवाळा असाच गेला. मिस्त्री, बाबांच्या उमेदीच्या काळापासून त्या कारखान्यात असलेला माणूस, शेजारच्या बाकावरून म्हणायचा, “सूनबाई, ज्याला धार लावता येत नाही त्याने लाकडाला हात लावू नये, कपाळाला लावावा.” ती खाली मान घालून घासत राही. रडू आलं तरी घासत राही. घासता घासता रडलेलं कुणाला कळत नाही, ही त्या कामातली मोठी सोय होती.

मग रंधा आला, मग करवत. बाबा डोळा शिकवायचे आणि मिस्त्री हात. बाबा फळी उजेडात तिरपी धरून विचारत, “ही पावसाळ्यात कुठे फुगेल?” मिस्त्री तिचं कोपर धरून अंगाला चिकटवायचा आणि म्हणायचा, “हात कुठे फिरायला निघालाय? घरी बस म्हणावं त्याला.” बाबांना झटका आल्यावर त्यांचा डावा हात तेवढा बोलत राहिला. ते खुर्चीत बसत, बोटाने दाखवत, आणि चुकलं की मान हलवत.

त्या खालच्या आडवीवर त्यांचा हात फार वेळा जाई. ते ती कुरवाळत, मान हलवत, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी येई. तिला वाटे, गेलेल्या मुलाची आठवण येते त्यांना. तीही मग शेजारी बसून त्याच लाकडावर हात ठेवी. त्या घरात दोघांनी मिळून रडायला तेवढी एक जागा होती.

पण त्या आडवीत खोट होती. तिच्या डाव्या टोकाचं कुसू, म्हणजे खांबाच्या खाचेत शिरणारी जीभ, सैल होतं आणि थोडं तिरपं. गेल्या आठवड्यात सरस न लावता सगळं कपाट नुसतं जुळवून पाहिलं, तेव्हा मिस्त्रीने ते हलवून दाखवलं. “सूनबाई, ही आडवी टाक. दुसरी कर.”

“बघते,” ती म्हणाली. आणि टाकली नाही. तिच्याच्याने टाकवेना. त्या कुसावर पेन्सिलीची रेघ होती, त्याच्या हाताची. दुसऱ्या दिवशी मिस्त्री घरी गेल्यावर तिने रंध्यातून निघालेला एक पातळ पापुद्रा त्या कुसाला चिकटवला. कुसू खाचेत घट्ट बसलं. वरून बघणाऱ्याला काही कळलं नसतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. मिस्त्रीने नंतर तो सांधा पुन्हा हलवून पाहिला, हलला नाही, तेव्हा त्याने तिच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि आपली विडी घेऊन बाहेर गेला.

थोरला दीर आणि जाऊ आले तेव्हा नणंद आधीच येऊन बसली होती, कमरेला ॲप्रन बांधून. थोरल्याच्या अंगात इस्त्रीचा शर्ट होता. त्याचं हमरस्त्यावर तयार फर्निचरचं मोठं दुकान. त्यासाठी तो हा कारखाना सोडून गेला, त्यावरून दोघा भावांचं वाजलं, आणि धाकटा गेला तोपर्यंत बोलणं नव्हतं ते नव्हतंच. निदान घरात सगळे तसंच धरून चालत. नणंद तर ते तोंडावर म्हणायलाही कमी करत नसे.

सासूबाईंनी चहा आणला. कारखान्यातच, लाकडाच्या ठोकळ्यांवर बसून, सगळ्यांनी घेतला. बाबा खिडकीपाशी खुर्चीत, डाव्या हाताशी बाकावर मोगरी.

जाऊबाई भोवताली बघत म्हणाली, “जागा चांगली ऐसपैस आहे हो. नुसत्या भिंती रंगवल्या की झालं. दमटपणा नाही ना?”

“कशाला हवाय दमटपणाचा हिशेब?” नणंदेने विचारलं.

“अगं, गोदामाला. आई म्हणाल्या नाहीत का तुला? आजचं कपाट झालं की कारखाना बंदच करायचा ना.”

“अस्सं. म्हणजे ठरलं पण.”

“ठरलं असं नाही,” थोरला म्हणाला. तो कपात बघत होता. “मी विचारलं. बाबा आता काम करणार नाहीत. मिस्त्रीकाका तरी किती दिवस ओढणार?”

“मला मधे घेऊ नका, थोरले,” मिस्त्री म्हणाला. “मी ओढतोय तोवर ओढतोय.”

“आणि ही?” नणंदेने धाकटीकडे बोट केलं. “ही काय इथे इतके दिवस झाडू मारत होती?”

“ताई, राहू द्या,” धाकटी म्हणाली.

“का राहू द्यायचं? कपाट तिने केलंय, दादा. हाक तिने द्यावी.”

हाक हा शब्द एकदा उच्चारला गेल्यावर आता वळसा घालायला जागा उरली नव्हती.

सासूबाईंनी कप खाली ठेवला. “हाक थोरला देईल,” त्या म्हणाल्या. “लहानपणापासून त्याने ऐकलीय. आणि तू माझ्याकडे अशी बघू नकोस गं,” त्या धाकटीला म्हणाल्या, “मी तुझ्या वाईटावर नाही. तू इथे लाकूड कापतेस असं तुला वाटतं. मला दिसतं ते वेगळंच. तू त्याच्या वस्तूंमध्ये राहतेस. सकाळी उठून त्याच्या बाकाशी, संध्याकाळी त्याच्या बाकाशी. माझा मुलगा गेला, पोरी. मला त्याच्यापायी तूही जायला नको आहेस. हे कपाट झालं की दार लागू दे. बाहेर पड, माणसांत जा.”

धाकटीला वाटलं, बोलावं. सांगावं की सुरुवातीला होतं तसं, आई, पण आता नाही. आता सकाळी उठते ती लाकडासाठी उठते. रंध्याखाली फळी गुळगुळीत होत जाते तेव्हा मला कुणाचीच आठवण येत नाही, आणि त्याचीच मला लाज वाटते. हा कारखाना गेला तर माझ्याजवळ फक्त आठवणच उरेल. एवढं सगळं तिच्या ओठांवर आलं. पण मग खालच्या आडवीत लपवलेला तो पापुद्रा आठवला आणि तिचं तिलाच बोलवेना. खोटा सांधा करणाऱ्या बाईने कारखाना मागायचा कुठल्या तोंडाने?

“बघ, तिचंही काही म्हणणं नाही,” जाऊबाई म्हणाली.

“तिचं कधी काही म्हणणं असतं?” नणंद उठली. “धाकट्याचंही नव्हतं. तो न बोलता गेला, आणि कुणामुळे, ते सगळ्यांना माहीत आहे.”

थोरल्याने कप विसळून ठेवला, शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि बाकापाशी जाऊन मोगरी उचलली. बाबांनी मोगरीवरून हात काढून घेतला, पण त्याच्याकडे पाहिलं नाही.

सगळे आपापल्या जागी गेले. नणंद आणि जाऊ वरच्या कोपऱ्यांशी, सासूबाई मधल्या फळीशी, मिस्त्री उजवीकडे खाली. डावा खालचा कोपरा धाकट्याचा असे. तिथे धाकटी बसली, गुडघे टेकून. खोट तिथेच होती. निदान आपल्या हाताखाली राहील, असा तिचा हिशेब.

थोरला सरसाच्या डब्यापाशी उभा राहिला. सगळ्यांनी वाट पाहिली. त्याने ओठ उघडले, मिटले, आणि म्हणाला, “लावा.”

‘सगळे आहेत का’ विचारलंच नाही त्याने. नणंदेने मान वर केली. सासूबाईंनी डोळे मिटून घेतले. पण ब्रश तोवर सरसात बुडाले होते.

हाक मात्र त्याने चांगली दिली. इतकी वर्षं दुकानात कोच आणि गाद्या विकून माणूस काहीच विसरला नव्हता. “मागचे खांब. आडव्या आत. मधली फळी सरकवा, सरस नको तिला, मोकळी राहू द्या. आई, तुझी बाजू धर. पुढचे खांब. उजवा खालचा, आवळा. वरचे दोन्ही, आवळा.” शांत, एका लयीत. बाबांचाच आवाज, फक्त तरुण. धाकटीच्या मनात आलं, हाच खरा. कारखाना याचाच होता, याला नको झाला एवढंच.

“डावा खालचा. आवळ.”

तिने शिकंज्याचा दांडा फिरवला. कुसू खाचेत शिरलं, अर्ध्यावर गेलं आणि थांबलं. सांध्यात नखाएवढी फट राहिली. ओल्या सरसाने तो पापुद्रा भिजून सुटला होता आणि आत गोळा होऊन बसला होता.

“आवळ.”

तिने आवळलं. फट तेवढीच. खांबातून बारीक चरचर ऐकू आली. आणखी अर्धा फेरा, की खांब उभा चिरणार. पलीकडून मिस्त्री तिच्याचकडे बघत होता. त्याला सगळं ठाऊक होतं, पण हाक त्याची नव्हती. आणि तिची तर नव्हतीच.

“डावा खालचा, आवळ म्हणतोय मी.”

“थांबा,” धाकटी म्हणाली.

सरसाच्या दिवशी हाकेच्या मधे कुणी बोललेलं त्या भिंतींनी ऐकलं नसेल. जाऊबाईच्या हातातला ब्रश तसाच राहिला.

“भाऊजी, थांबा. हा सांधा बसायचा नाही. खांब फुटेल. मी त्यात पापुद्रा घातलाय, कुणाला न सांगता. सगळं उघडावं लागेल.”

क्षणभर तिला वाटलं, तो आता ओरडेल. त्याने डब्याकडे पाहिलं, फटीकडे पाहिलं. “उघडा,” तो म्हणाला. “शिकंजे सोडा, वरून सुरुवात करा. आई, गरम पाणी. फडकी भिजवून सांध्यांवर ठेवा. मिस्त्रीकाका, मागचे खांब तुम्ही बघा. घाई नको, ओढाताण नको.” त्याने मोगरीला फडकं गुंडाळलं आणि एकेक सांधा हलक्या हाताने ठोकून मोकळा केला. थोड्याच वेळात कपाट पुन्हा सुट्या लाकडांचं झालं आणि सगळ्यांचे हात कोपरापर्यंत चिकट.

“सरसाचं हे एक बरं असतं,” मिस्त्री खांब पुसत पुटपुटला. “वेळेवर कबूल केलं की सोडतो. माणसं नाही सोडत.”

थोरल्याने ती आडवी उचलली. कुसावरचा भिजका लगदा अंगठ्याने काढून टाकला आणि ती उजेडात धरली. बराच वेळ बघत राहिला.

“तुला कळलं होतं हे सैल आहे ते.”

“हो.”

“मिस्त्रीकाकांनी सांगितलंही असेल.”

“सांगितलं होतं.”

“मग का नाही टाकलंस? एवढं सगळं काम इतकं नेटकं, आणि इथेच पापुद्रा?”

धाकटीने पदराने हात पुसले. आता लपवायला काही उरलंच नव्हतं. “ते त्यांच्या हातचं होतं,” ती म्हणाली. “मला नाही टाकवलं. चूक आहे हे कळत होतं, तरी नाही टाकवलं. मला वाटलं, त्यांचं एवढं एक कपाटात राहू दे. चुकलेलं का होईना.”

“ऐकलंस?” सासूबाई थोरल्याला म्हणाल्या, पण आवाजात जिंकल्याचा भाव नव्हता. “हेच म्हणत होते मी.”

थोरला ठोकळ्यावर बसला. आडवी मांडीवर होती.

“हे त्याच्या हातचं नाही,” तो म्हणाला.

कुणाला काही समजलं नाही.

“हे माझ्या हातचं आहे. बघा ना, करवत डावीकडे गेलीय. माझी नेहमी जायची. बाबांनी किती वेळा मला त्यावरून टपली मारली असेल. त्याची करवत कधी हलली का एवढीशी?”

खिडकीपाशी बाबांच्या गळ्यातून आवाज निघाला, शब्द नाही, नुसता आवाज. त्यांचा डावा हात आडवीकडे गेला होता आणि ते मान हलवत होते, तशीच, जशी गेले कित्येक महिने हलवत आले होते. धाकटी त्यांच्याकडे बघतच राहिली. म्हणजे ते मुलाला कुरवाळत नव्हते. ते तिला सांगत होते, हे चुकलंय, आणि हे कुणाचं चुकलंय तेही मला दिसतंय. आणि ती शेजारी बसून रडत होती.

“पण तू इथे कधी…” नणंदेचं वाक्य पुरं झालं नाही.

“दुपारी यायचो. तुम्ही सगळे घरात असायचात तेव्हा, मागच्या दाराने.” थोरला कुणाकडेच न बघता बोलत होता. “एकदा रस्त्यात भेटला. म्हणाला, दुकानात बसून हात मऊ झाले असतील तुझे, चल दाखव. मी गेलो. मग जातच राहिलो. खांब त्याने केले. ही आडवी मला दिली, म्हणाला, कर. मी ही अशी केली. त्याला म्हटलं, टाकून दे. तो हसायला लागला. म्हणाला, दुसरी करू, पण ही ठेवतो, पुढच्या खेपेला तुझ्या बायकोला दाखवायला.” तो थांबला. “मग ताप आला त्याला.”

जाऊबाई त्याच्याजवळ गेली. “मला का नाही सांगितलंत?” तिने हळूच विचारलं.

“काय सांगायचं? तो गेल्यावर जो तो म्हणत होता, भाऊ भावाशी न बोलता गेला. मी म्हटलं, म्हणू द्या. आमच्या चार दुपारी होत्या, त्या मला कुणासमोर मांडायच्या नव्हत्या. आणि कारखान्यात यायचं तर तो नव्हता.” त्याने आडवी पुसायला सुरुवात केली, ती आधीच कोरडी होती. “मला इथे उभं राहवत नाही, आई. म्हणून दार लावून टाकायचं होतं मला. गोदामबिदाम सगळं नुसतं बोलायला.”

नणंद त्याच्या शेजारी बसली. बोलायला तिच्याजवळ फार होतं, पण त्यातलं एकही आता उपयोगाचं नव्हतं. तिने त्याच्या बाहीवरचा गोठलेला सरस नखाने खरवडायला घेतला.

“शर्ट गेला तुझा,” ती म्हणाली.

“जाऊ दे.”

सासूबाई डोळ्यांना पदर लावून उभ्या होत्या. त्यांचे दोन्ही मुलगे शेवटी एकाच बाकाशी होते, हे त्यांना आज कळत होतं. ते दुःख होतं की सुख, त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

मिस्त्री उठला, शेगडीमागे गेला आणि एक आडवी घेऊन आला. रंधा मारलेली, मापाची, दोन्ही टोकं अजून कोरी. “सूनबाई, ऊब घेतेय ही सकाळपासून. कुसू तेवढं तू काप.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“मला पापुद्रा माहीत होता. बाकीचं मला नको विचारूस, मी दुपारी झोपतो.”

तिने आडवी बाकावर ठेवली, रेघा मारल्या, करवत घेतली. थोरला न सांगता समोर आला आणि लाकूड दाबून धरलं. तिने पाहिलं, तो लाकडाकडे बघत नव्हता, तिच्या कोपराकडे बघत होता.

“हात घरी आहे,” तो म्हणाला. “मला कधी जमलं नाही ते.”

करवत सरळ उतरली. तिने एका बाजूचं कापलं, दुसऱ्या बाजूचं कापलं, पटाशीने कोपरे साफ केले. नवऱ्याच्या खांबातल्या खाचेत ते कुसू तिने दोन्ही हातांनी दाबलं तसं ते सरकत आत गेलं आणि बसलं. मिस्त्रीने हलवून पाहिलं, आडवी खांबासकट हलली. मग जुनी आडवी उचलून त्याने भिंतीवर, हत्यारांच्या खालच्या खुंटीवर लटकवली. शेगडीत घालायची त्याची छाती झाली नाही, आणि कुणी घालू दिलीही नसती.

सरस नव्याने पातळ झाला होता. दुपार कलायला लागली होती. सगळे पुन्हा आपापल्या जागी निघाले, आणि तेव्हा थोरला डाव्या खालच्या कोपऱ्याशी जाऊन गुडघ्यांवर बसला. इस्त्रीच्या पँटीसकट, भुशात. मोगरी बाकावर होती, बाबांच्या डाव्या हाताशी.

धाकटी मधेच उभी राहिली. तिला बसायला जागाच उरली नव्हती. उरली होती ती डब्यापाशी.

“अहो, मग गोदामाचं?” जाऊबाईने वरच्या कोपऱ्यातून विचारलं. चेष्टेने नाही, खरंच विचारलं.

“बघू कुठेतरी,” थोरला खालून म्हणाला.

सासूबाईंनी धाकटीकडे पाहिलं. “माझं म्हणणं मी मागे घेत नाही,” त्या म्हणाल्या. “रोज संध्याकाळी दिवे लागायच्या आत घरात यायचं. हे कबूल असेल तर.”

“कबूल आहे, आई.”

“आणि तासभर माझ्याशी बोलायचं. लाकडाचं नाही.”

“बरं.”

“ठरवा बाई काय ते,” जाऊबाई म्हणाली. “सरस गार होतोय.”

धाकटी डब्यापाशी गेली. बाबांसमोर, थोरल्या दिरासमोर आवाज चढवायची तिला सवय नव्हती, आणि सकाळी चढवला होता तो चूक सांगायला. तिने बाबांकडे पाहिलं. ते तिच्याकडेच बघत होते.

“सगळे आहेत का?” तिने विचारलं.

आणि मग सगळ्यांच्या एकदमच ध्यानात आलं, की वयाने पहिला नंबर बाबांचा. इतकी वर्षं प्रश्न त्यांचा असायचा, उत्तर देणाऱ्यांत ते नसायचे. आणि आता उत्तर द्यायला त्यांना जीभ नव्हती. सासूबाई त्यांच्यासाठी बोलणार होत्या, पण थोरल्याने खालून हात करून त्यांना थांबवलं. सगळे थांबले. सरस गार होत होता आणि तरी सगळे थांबले.

बाबांनी डाव्या हाताने मोगरी उचलली. ती त्या हाताला जड होती. त्यांनी ती बाकावर एकदा ठोकली आणि धाकटीच्या बाजूला सरकवून दिली.

“आहे,” सासूबाई म्हणाल्या.

“आहे,” मिस्त्री.

“आहे,” थोरला म्हणाला, धाकट्याच्या कोपऱ्यातून.

“आहे,” जाऊबाई.

“आहे,” नणंद म्हणाली. तिच्यानंतर धाकट्याचा नंबर असे.

धाकटी थांबली. एक “आहे” म्हणायला जेवढा वेळ लागतो, तेवढीच. मग तिने मोगरी हातात घेतली.

“लावा,” ती म्हणाली.